कंसांवरून पुन्हा तेच

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरचं नाव काढलं की कुणीतरी ठरलेलं वाक्य टाकतंच: "ती लिस्प कशाला? पायथन घाला, जावास्क्रिप्ट घाला!" डोकं उठतं. आक्षेप काय, तर ईमॅक्स हवा तसा बदलायला जी लिस्प ही प्रोग्रॅमिंग भाषा लागते, तिच्यात कंस फार. अरे बाबांनो, कंस एडिटरच जुळवून देतो, तुम्ही मोजत बसू नका!

खरी गोष्ट कुणी बघतच नाही. ईमॅक्स चालू असताना त्यातलं जवळपास कुठलंही फंक्शन उघडा, बदला, तिथल्या तिथे चालवा. बंद करून पुन्हा सुरू करायची गरज नाही. कारण सी भाषेतला गाभा सोडला तर अख्खा एडिटरच लिस्पमध्ये लिहिलाय. बाहेरून भाषा चिकटवून हे मिळत नाही.

दोष आहेत, मान्य. थ्रेडचं, म्हणजे अनेक कामं एकाच वेळी चालवायचं, काम तोकडं आहे, जड काम निघालं की सगळं गोठतं. त्यावर बोला ना! पण २०१२ मध्ये लेक्सिकल बाइंडिंग (व्हेरिएबल कुठे चालेल ते कोडमधल्या त्याच्या जागेवरून ठरणं) आलं, २०२२ मध्ये २८व्या आवृत्तीत नेटिव्ह कंपायलेशन (लिस्प कोडचं थेट मशीन कोडमध्ये रूपांतर, म्हणजे जास्त वेग) आलं, याचा पत्ताच नाही आणि 'जुनाट, संथ' म्हणून मोकळे. निओव्हिम या दुसऱ्या एडिटरने लुआ ही भाषा घेतली, चांगलंच केलं. म्हणून दर वेळी आमच्या लिस्पवर का घसरता? आधी एक छोटं फंक्शन लिहून बघा, मग भांडायला या.