नाव यादीत नसेल, तर ‘चॅलेंज व्होट’ मिळत नाही

निवडणूक जवळ आली की व्हॉट्सॲपवर हा मेसेज फिरतो: ‘मतदार यादीत नाव नसेल तर आधार कार्ड दाखवा आणि कलम ४९ए खाली चॅलेंज व्होट मागा. तुमचं मत आधीच कुणी दिलं असेल तर टेंडर व्होट मागा. १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट पडले तर तिथे फेरमतदान होतं.’

यातलं मधलं वाक्य खरं आहे. त्यामुळेच बाकीची दोनही खरी वाटतात.

आधी यादीचं. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चं कलम ६२ स्पष्ट आहे: यादीत नाव नाही, त्याला मत देता येत नाही. आधार कार्डावरून तुम्ही कोण ते कळतं, तुम्ही त्या मतदारसंघाचे मतदार आहात हे नाही. ४९ए हा निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला नियम आहे आणि तो मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे. आक्षेपाचा नियम ४९जे. त्यात पोलिंग एजंट, म्हणजे उमेदवाराचा केंद्रावरचा प्रतिनिधी, दोन रुपये भरून समोरच्या मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेतो. म्हणजे चॅलेंज मतदार करत नाही, मतदारालाच केलं जातं. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने नोंदणीबद्दल शंका असली तरी तात्पुरती मतपत्रिका देतात, पात्रता नंतर तपासतात. आपल्याकडे तशी सोय नाही.

टेंडर व्होट, म्हणजे प्रदत्त मत, नियम ४९पी खाली खरोखर मिळतं, पण नाव यादीत असेल तरच. केंद्राध्यक्षांच्या प्रश्नांना नीट उत्तरं दिलीत की नमुना १७बी वर सही घेऊन तुम्हाला कागदी मतपत्रिका देतात. यंत्राचं बटण दाबायला मिळत नाही. ती मतपत्रिका वेगळ्या पाकिटात जाते आणि मतमोजणीत धरत नाहीत. निकालाला आव्हान देणाऱ्या निवडणूक याचिकेत कोर्टाने आदेश दिला तरच तिचा विचार होतो. तरी ती जरूर मागा. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात काँग्रेसचे उमेदवार सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा प्रदत्त मतांचाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

१४ टक्के कुठल्याच कायद्यात नाहीत. यंत्र पळवलं, मोडलं किंवा केंद्र बळकावलं, तर १९५१ च्याच अधिनियमाच्या कलम ५८ आणि ५८ए खाली फेरमतदानाचा निर्णय निवडणूक आयोग घेतो.

मला वाईट याचं वाटतं, की मेसेजच्या भरवशावर माणूस मतदानाच्या दिवशी थेट केंद्रावर जातो, कर्मचाऱ्यांशी वाद घालतो आणि मत न देता परततो. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नवं नाव घालता येत नाही, आणि नमुना ६, म्हणजे नाव नोंदवायच्या अर्जाच्या, चौकशीलाही दिवस लागतात. नाव आत्ताच पाहा; १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन केला तरी कळतं.