व्यालेल्या कुत्रीला दोन महिने द्या

पार्ल्यातील आमच्या सोसायटीत मीटरच्या खोलीमागे एक भटकी कुत्री व्याली आणि सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘महापालिकेची गाडी बोलवा’ व ‘मुक्या जिवाला हात लावाल तर याद राखा’ असे दोन तट पडले. अशा वेळी आम्हा परदेशस्थांना हमखास विचारले जाते, की तुमच्या इंग्लंडमध्ये रस्त्यावर कुत्री दिसतात का? दिसत नाहीत, पण त्याचे कारण भूतदया नव्हे. येथे मालकाने पिल्लाला आठ आठवड्यांच्या आत मायक्रोचिप बसवून घ्यावी, अशी सक्ती २०१६ पासून आहे आणि मोकाट सापडलेल्या कुत्र्याचा मालक सात दिवसांत आला नाही, तर ते दुसऱ्याला देण्याचा, प्रसंगी मारण्याचाही अधिकार स्थानिक परिषदेला आहे. ज्या मुंबईत कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध १८३२ मध्ये पारशांनी दंगल केली, तिला हा मार्ग मानवेल असे मला वाटत नाही. शिवाय २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार भटक्या कुत्र्याची नसबंदी व लसीकरण करून त्याला मूळ जागी सोडायचे असते.

इंग्लंडकडून उचलण्यासारखी गोष्ट एकच : परवानाधारक पैदासकारालासुद्धा आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. पहिले दोन आठवडे पिल्लांचे डोळे-कान मिटलेले असतात, अंगात ऊब टिकत नाही आणि आईने पोट चाटल्याशिवाय त्यांना लघवीही होत नाही. अशा वेळी रोज सकाळी पाइप लावून पार्किंग धुणारा वॉचमन आणि कौतुकाने पिल्ले उचलून मुलांच्या हाती देणाऱ्या दयाळू काकू (त्यांचा हेतू चांगला आहे, हे मान्य) यांच्या उपद्रवात मला फारसा फरक दिसत नाही. दोघांमुळे बिथरलेली कुत्री भुंकते, अंगावर येते किंवा पिल्ले तोंडात धरून एखाद्या गाडीखाली नेऊन ठेवते.

प्रेमाने समोर ठेवलेली दूध-बिस्किटेही तिला पुरत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागते. भाताबरोबर उकडलेले चिकन किंवा अंडे आणि सतत भरलेले पाण्याचे भांडे हवे. ती थरथरू लागली, पाय ताठ टाकू लागली, धापा टाकू लागली, तर रक्तातील कॅल्शियम उतरले असण्याची शक्यता असते आणि डॉक्टरला त्याच दिवशी, खरे तर त्याच तासाला बोलवावे लागते.

तेव्हा सेक्रेटरींनी कोरड्या कोपऱ्यात गोणपाट अंथरून आडोसा करावा आणि खाणे, डॉक्टर व पुढची नसबंदी कोण पाहणार, त्याचे नाव इतिवृत्तात लिहावे. खर्चातील माझा वाटा मी पाठवतो. गाडी बोलवायचीच आहे, पण पिल्ले दुधावरून सुटल्यावर आणि तिचे दूध आटल्यावर. त्या वेळी चालढकल झाली, तर ती साधारण सहा महिन्यांनी पुन्हा माजावर येईल आणि हाच वाद नव्या पिल्लांवरून सुरू होईल.