वीस मैलांची थाप

माझी भाची पुण्यात राहून एमपीएससीचा अभ्यास करते. परवा फोन केला तर आवाज पार बसलेला, अंगात 102 ताप, आणि बाईसाहेब म्हणतात, "मामा, आजची वीस पानं झाल्याशिवाय झोपणार नाही. अमुंडसेन थांबला होता का?"

क्लासच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड तिनं मलाही पाठवला. 1911 साली दक्षिण ध्रुवाकडे दोन तुकड्या म्हणे एकाच दिवशी निघाल्या. नॉर्वेचा अमुंडसेन ऊन असो की वादळ, रोज बरोबर वीस मैल चालला. इंग्लंडचा स्कॉट हवा चांगली असली की जीव तोडून चालायचा, बिघडली की तंबूत बसायचा. म्हणून एक जिंकला, दुसरा मेला. त्यातून हा मूर्ख स्कॉट स्लेजवर दगड वाहत होता. खाली हात जोडलेले इमोजी.

"एकाच दिवशी" हीच पहिली लोणकढी. अमुंडसेन 19 ऑक्टोबरला निघाला, स्कॉट 1 नोव्हेंबरला. शिवाय अमुंडसेनचा तळ ध्रुवाला एक अंश, म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटर, जवळ होता.

आता ते वीस मैल. अमुंडसेनचा तळ फ्रामहाइम साधारण 78.6 अंश दक्षिणेला. तिथून ध्रुव 11.4 अंश; अंशाला 111 किलोमीटर धरले तर 1265. 14 डिसेंबरला पोचला, म्हणजे 56 दिवस. भागाकार करा. दिवसाला 23 किलोमीटरसुद्धा होत नाहीत, म्हणजे चौदा मैल. वाट थोडी वाकडी होती म्हणून एखाद-दोन मैल वाढवा हवं तर. परतीला 39 दिवस लागले आणि ती सरासरी वीसच्या आसपास येते, हे कबूल. स्लेज ओढणारी कुत्री दमू नयेत म्हणून तो सपाटीवर रोजची चाल बेतानं ठेवायचा, हेही खरं. पण सरासरी वीस येणं वेगळं आणि वादळातही रोज वीस चालणं वेगळं.

वादळात तो थांबलाच होता. त्यानं स्वतः लिहिलेल्या मोहिमेच्या वृत्तांतातच आहे. आक्सेल हायबर्ग हिमनदी चढून 21 नोव्हेंबरला वर आले आणि हिमवादळामुळे तिथंच चार दिवस अडकले. शेवटी कंटाळून वादळातच निघाले खरे. स्कॉट डिसेंबरमध्ये बियर्डमोर हिमनदीच्या पायथ्याशी अडकला तोही चारच दिवस. एकाचा तो संयम आणि दुसऱ्याचा आळस?

पण माझं डोकं फिरलं ते तापावरून. "काहीही झालं तरी थांबायचं नाही" हा धडा अमुंडसेनच्या नावावर खपवणाऱ्यानं 1911 चा सप्टेंबर वाचलेलाच नाही. स्कॉट आधी पोचेल या धास्तीनं अमुंडसेन 8 सप्टेंबरलाच सात जणांना घेऊन निघाला होता. पारा शून्याखाली पन्नासच्याही खाली गेला, काहींच्या टाचांना हिमदंश झाला. मग 80 अंशावरच्या डेपोत सामान टाकून सगळे मागे फिरले. शेवटच्या दिवशी तर ज्याला जसं जमेल तसा तो तळाकडे पळत सुटला. अमुंडसेन दुपारी पोचला. गारठून गेलेल्या प्रेस्ट्रुड या सोबत्याला सांभाळत, अन्न-इंधन जवळ नसताना, तुकडीतला योहानसेन पोचला मध्यरात्रीनंतर. सकाळी त्यानं सगळ्यांसमोर अमुंडसेनला सुनावलं, आणि ध्रुवाच्या तुकडीतून योहानसेनचं नाव गेलं. हा तुमचा शिस्तीचा पुतळा! तेव्हा तो मागे फिरला म्हणूनच पुढे ध्रुवावर पोचला. भाचीला म्हटलं, पुस्तक मिट, डॉक्टरकडे जा.

स्कॉटच्या चुका होत्याच. तट्टूंवर भिस्त, माणसांनी स्लेज ओढणं, चौघांच्या हिशेबात ऐनवेळी पाचवा माणूस, अपुरं खाणं. त्यावर कुणाला लिहायचं तर खुशाल लिहा. पण दगडांवरून हसू नका. बियर्डमोरवर गोळा केलेले ते सुमारे 16 किलो नमुने त्यांनी शेवटपर्यंत टाकले नाहीत. नोव्हेंबर 1912 मध्ये प्रेतं सापडली तेव्हा ते तिथंच होते. त्यात ग्लोसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे जीवाश्म निघाले. तीच पानं आपल्याकडे नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत सापडतात, कारण कधीकाळी हे दोन्ही भूभाग गोंडवन या एकाच प्राचीन महाखंडाचे तुकडे होते.

आणि गोंडवन तर तुझ्या भूगोलाच्या अभ्यासातच आहे गं.