‘आधी भिंत समजून घ्या’ या प्रतिक्रियेला उत्तर

बेडरूमच्या ओबडधोबड भिंतींना लायनिंग पेपर, म्हणजे रंगाखाली अस्तर म्हणून चिकटवायचा साधा कागद, लावल्याचा लेख मी लिहिला, त्याखाली एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. मुद्दे पाच आहेत, पण सुरुवात अशी: ‘ताई, कागद लावून भिंत सरळ होत नसते. आधी भिंत समजून घ्या, मग लोकांना शिकवा.’ आभार मानून विषय संपवणार होते. दोन दिवस गेले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आपण या कामातले जाणकार आहात हे वाचताना कळतं आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण ‘मग लोकांना शिकवा’ हे कशासाठी? लेखाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं आहे की हे माझं पहिलं काम. मी कुणाची गुरू म्हणून बसले नव्हते. जे केलं, ज्या क्रमाने केलं, ते मांडलं. नवख्या माणसाला नवख्याचंच टिपण जास्त उपयोगी पडतं असं मला मनापासून वाटतं, कारण वर्षानुवर्षं काम केलेल्याला आपला हात पहिल्या दिवशी कुठे अडला होता ते आठवत नाही. आपल्या प्रतिक्रियेतही ते कुठे दिसलं नाही.

एक चूक मात्र आपण बरोबर पकडलीत. खळ लावल्यावर कागद किती वेळ मुरू द्यायचा, याबद्दल मी एका ठिकाणी ‘पाच मिनिटं’ लिहिलं आणि पुढे ‘लगेच उचलून लावला’ असंही लिहिलं. दुसरं वाक्य चुकीचं आहे, ते काढून टाकलं. खळीच्या पाकिटावर दिलेला वेळ पाळायचा, आणि प्रत्येक पट्ट्याला तेवढाच द्यायचा. आभार.

आता ‘भिंत समजून घ्या’.

कागदाला हात लावण्याआधी मी त्या भिंतींबरोबर तीन संध्याकाळी घालवल्या. खोलीतला दिवा बंद केला आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा धरला. समोरून बघताना जी भिंत बरी वाटत होती, तिच्यावर तिरप्या उजेडात प्रत्येक उंचवट्याची सावली पडली. खिळ्यांची भोकं, जुन्या डागडुजीचे चट्टे, पोपडे निघालेल्या रंगाच्या कडा, सगळं पेन्सिलने खुणावलं. मग बोटाच्या पेराने भिंत वाजवत गेले. खिडकीच्या खाली हातभर जागेत आवाज बद्द यायला लागला, म्हणजे तिथला गिलावा आतून सुटलेला. तेवढा भाग खरवडून काढला आणि पुन्हा भरून घेतला. खोल खड्डे दोन थरांत भरले, कारण एकाच थरात जाड भरलं की वाळताना ते चिरतं. उंचवटे घासले. ओल आहे का तेही पाहिलं. ओल असलेल्या भिंतीवर कागद लावायचा नाही, तो सुटतो आणि त्याच्यामागे बुरशी धरते, हे मी लेखात स्वतंत्र परिच्छेद करून लिहिलं आहे. तो आपण वाचलात का? प्रतिक्रियेत आपण तेच वाक्य मला नव्याने ऐकवलं आहे, म्हणून विचारते.

शेवटी पातळ केलेल्या खळीचा एक हात भिंतीला दिला. कोरडी भिंत खळीतलं पाणी शोषून घेते, मग पट्टा जागच्या जागी चिकटून बसतो आणि बोटभरही सरकवता येत नाही. हा एक हात दिला की कागद सरकवून सांधा जुळवायला सवड मिळते. हे सगळं करणाऱ्या बाईला तुम्ही भिंत समजून घ्यायला सांगता.

आणि ‘सरळ होत नसते’ हे कुणी नाकारलं? माझा लेख पुन्हा उघडून बघा. ‘सरळ’ हा शब्द त्यात एकदाही नाही, ‘एकसारखी’ आहे. भिंत ओळंब्यात, म्हणजे वरून खाली सरळ उभी नसेल, मध्ये फुगलेली असेल, तर कागद त्या फुगवट्यावरूनच जाणार, त्याला दुसरा रस्ता नाही. पण केसासारख्या भेगा, भरलेल्या खड्ड्यांच्या कडा, एका जागी गुळगुळीत तर शेजारी खरखरीत असा पृष्ठभाग, या सगळ्यावरून एकच सलग थर जातो आणि वर रंग सगळीकडे सारखा बसतो. लायनिंग पेपर असतो तो एवढ्यासाठीच. त्याच्या जाडीचे आकडे ८०० पासून २००० पर्यंत असतात, आकडा वाढेल तसा कागद जाड. मी १४०० चा घेतला. पातळ कागद ओला झाला की नवख्या हातात फाटतो आणि भिंतीचे बारीक दोषही वर उमटू देतो, फार जाड कागद कोपऱ्यात वळवताना जड जातो. हा विचार करून घेतलेला निर्णय आहे, ‘दुकानात मिळाला तो आणला’ हा तुमचा अंदाज आहे.

‘कागदाचं शास्त्र वेगळं असतं’ असंही तुम्ही लिहिलंत. मग ऐका. माझे वडील पुस्तकबांधणी करायचे. खळीच्या वासात मी मोठी झाले. ओला कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो हे मला शाळेत जायच्या आधी माहीत होतं, कारण पुठ्ठ्यावर कागद चढवताना वडील पहिल्यांदा तेच बघायचे. खळ लावलेला कागद ते उचलू द्यायचे नाहीत. ‘त्याला पसरू दे,’ म्हणायचे. लायनिंग पेपरच्या गुंडाळीत तंतू लांबीला धावतात, म्हणून पट्टा रुंदीला पसरतो. टेबलावर पसरू दिला नाही तर तो भिंतीवर जाऊन पसरतो आणि फुगे धरतो. वाळताना पुन्हा आखडतो, म्हणून सांध्यात केसभर फट पडते. ती फट लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरायची आणि हलक्या हाताने घासायची. पट्टे एकमेकांवर मात्र चढवायचे नाहीत. चढवलेली कड रंगाखालूनही रेघेसारखी दिसत राहते.

दुसऱ्या भिंतीवरचा एक पट्टा सांगते. घडी घातलेला कागद डाव्या हातावर, स्टुलावर उभी, वरची कड ओळंब्याच्या रेघेला लावली. खाली दोन वेत सोडल्यावर कळलं की पट्टा रेघ सोडून तिरका चालला आहे. तो ओढला नाही. ओला कागद ओढला की ताणतो आणि मग कुठेच जुळत नाही. वरपासून अलगद सोडवला, पुन्हा टेकवला, ब्रश मधून कडांकडे फिरवला. बसला. वडिलांचा हात आठवला म्हणून बसला. आमच्या घरात कागद म्हणजे पोट होतं, आणि त्यातलं मला काही कळत नाही असं कुणी परकं माणूस सांगतं तेव्हा लागतं.

बाकीचे मुद्दे. ‘अस्तर नेहमी आडवंच लावतात’ असं तुम्ही म्हणता. ते वर वॉलपेपर लावायचा असेल तेव्हा, दोन्हींचे सांधे एकावर एक येऊ नयेत म्हणून. मी रंग देणार होते, म्हणून उभं लावलं. स्विचबोर्डाजवळ ओला कागद कापण्याआधी मेन स्विच बंद करायचा, हे वेगळं सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. आता लेखात घातलं आहे.

‘सरळ कारागीर बोलवायचा’ या तुमच्या शेवटच्या ओळीवर मला काही म्हणायचं नाही. ज्यांना बोलवायचा त्यांनी बोलवावा. माझा लेख त्यांच्यासाठी नव्हता.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढचा लेख कोपऱ्यांवर आहे: आतल्या कोपऱ्यात अख्खा पट्टा न वळवता कापून एक-दोन सेंटिमीटरच पलीकडे का न्यायचा आणि पुढचा पट्टा नव्या ओळंब्यावर का सुरू करायचा. त्यात चूक दिसली तर जरूर लिहा. फक्त आधी पूर्ण वाचा, आणि ‘ताई’ म्हणायचंच असेल तर बहिणीशी बोलतात तसं बोला.