दवाखाना कायमचा बंद राहील

सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाही वयाच्या ६५ व्या वर्षी हार घालून घरी पाठवतात. डॉक्टरांना मात्र असं काही वय नसतं, ही आमच्या गल्लीची ठाम समजूत होती. आमचे डॉक्टर पंचाहत्तरीला टेकले, कानात केस आले, स्टेथोस्कोप लावल्यावरही 'जरा जोरात बोल' म्हणायला लागले, तरी कुणाला शंका आली नाही. डोंबिवली पूर्वेतली त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली आणि दारावर पाटी लागली: 'महिनाअखेरीपासून दवाखाना कायमचा बंद राहील.' पाटी वाचूनही दोघं-तिघं आत डोकावून 'मग सोमवारी येऊ ना?' असं विचारून आले.

आता डोंबिवलीत डॉक्टरांना काय तोटा? गुडघ्याचा वेगळा, साखरेचा वेगळा, नुसत्या घोरण्याचाही मिळतो. पण आमच्या डॉक्टरांना एक विद्या अवगत होती, जी कुठल्याच एमडीला शिकवत नाहीत. पेशंटच्या बोलण्यातलं किती खरं धरायचं, हे त्यांना माणसागणिक पाठ होतं. आई 'काही नाही हो, जरा कणकण आहे' म्हणाली, की ते लगेच रक्त तपासायला पाठवत, आणि दर वेळी काहीतरी निघेच. मी 'छातीत दुखतंय' म्हटलं, की स्टेथोस्कोप ठेवता ठेवता विचारत, 'मिसळ कुठे खाल्लीस?' बायको 'यांना रात्री झोप लागत नाही' म्हणाली, की तिच्याकडे बघून, 'यांना की तुला?'

नवे डॉक्टर आमचं सगळं खरं मानतात. ही केवढी आपत्ती आहे, ते भोगल्याशिवाय कळायचं नाही. छातीत जळजळतंय म्हणालो, तर एकानं आधी ईसीजी काढला, मग टूडी इको, मग पट्ट्यावर पळवलं. पट्ट्यावर पळताना खरंच छातीत दुखायला लागलं. रिपोर्ट स्वच्छ. शेवटी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, 'बाहेरचं तिखट कमी करा.' त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्या वयाच्या अनोळखी माणसानं छातीवर हात ठेवला तर दुसरं करायचं तरी काय? पण हेच निदान जुन्या दवाखान्यात पन्नास रुपयांत व्हायचं, वर मिसळ कुठली चांगली यावर चर्चा.

दुसरा घोटाळा पुड्यांचा. आमचे डॉक्टर गोळ्या स्वतःच देत. कागदाची पुडी, वर रेघा मारलेल्या: एक रेघ सकाळ, दोन रेघा सकाळ-संध्याकाळ. 'सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?' असं नव्या डॉक्टरांनी विचारताच आईनं पुडी उघडून टेबलावर ठेवली. पांढरी एक, पिवळट एक आणि गुलाबी अर्धी. डॉक्टर त्या अर्ध्या गुलाबीकडे बराच वेळ बघत राहिले. औषधाचं जेनेरिक नाव नीट वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असा नियम २०१६ पासून आहे. आमच्याकडे नावच नव्हतं, तर अक्षर कुठून असणार!

तेव्हा आमच्या सोसायटीतले एक निवृत्त सरकारी काका पुढे सरसावले. त्यांना नियम तोंडपाठ. '२००२ च्या नियमांत स्पष्ट आहे, पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावेच लागतात!' असं म्हणून ते दोन प्रतींत लेखी अर्ज घेऊन निघाले. सोबत मी. डॉक्टरांनी अर्ज न वाचता खण बाहेर ओढला. 'सगळ्यांची कार्डं आहेत, घेऊन जा बाबांनो. नाहीतरी मी कुठे ठेवू?' काकांचा चेहरा पडला. भांडायची एवढी तयारी करून आल्यावर समोरच्यानं पटकन 'हो' म्हणणं त्यांना चाळीस वर्षांच्या नोकरीत माहीत नव्हतं.

कार्डं वाचायला मात्र कंपाउंडरकाकाच लागले. ती अक्षरं देवनागरी की रोमन, हे त्यांनाही आधी कार्ड फिरवून बघावं लागे. सरकारी काकांच्या कार्डावर जवळजवळ प्रत्येक तारखेपुढे एक छोटा गोल होता. काकांनी काळजीनं विचारलं, 'हे साखरेचं काही आहे का?' कंपाउंडरकाका म्हणाले, 'नाही. औषध दिलं नाही, नुसते बोलायला आले होते.' माझ्या कार्डाच्या कोपऱ्यात लाल शाईनं 'घा.' लिहिलेलं होतं. ते मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं. 'घाबरट,' कंपाउंडरकाका म्हणाले, आणि समजूत घालायला, 'लहानपणापासून आहे ते.'

आता मला सांगा, ही माहिती पुढच्या डॉक्टरांपर्यंत पोचवायची कशी? मुलानं मोबाइलवर मला १४ आकडी आभा क्रमांक, म्हणजे सरकारी आरोग्य-खात्याचा नंबर, काढून दिला. आधार, ओटीपी, क्षणात काम. आत उघडून बघितलं तर रिकामं. सरकार जागा देतं, सामान आपलं आपण आणायचं. मुलानं कार्डाचा फोटो काढून त्यात चढवला. त्यामुळे 'घा.' आता आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये कायमचं नोंदलेलं आहे.

पण शेवटच्या आठवड्यात बायकोनं केलं ते खरं काम. तिनं डॉक्टरांपुढे कोरा कागद ठेवला आणि समोर बसून लिहून घेतलं: कुणाला काय आजार, कधीपासून, गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, काय सोसत नाही, ऑपरेशन कुठलं झालंय. अर्धी गुलाबी थायरॉइडची निघाली. 'कधीपासून' हे तिनं खास अधोरेखित करून घेतलं, कारण मेडिक्लेमवाले पैसे द्यायच्या वेळी नेमकं तेच विचारतात आणि आपण 'झाली असतील बरीच वर्षं' म्हटलं की त्यांना फार आनंद होतो. शिवाय नवीन डॉक्टर मिळेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्यांची चिठ्ठीही घेतली. आजवर पुडीवर जगल्यामुळे आमच्याकडे केमिस्टला दाखवायला कागदाचा कपटाही नव्हता.

आईची चिंता मात्र वेगळीच. 'मी घरी गेले तर दाखला कोण देणार?'

'आई, काहीतरीच काय बोलतेस!'

'काहीतरीच काय त्यात? खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या वेळी बघितलंस ना?'

बघितलं होतं. घरी मृत्यू झाला की शेवटच्या आजारात औषध देणाऱ्या डॉक्टरनं कारणाचा दाखला द्यायचा असतो, नमुना ४अ. आजोबांना कायमचा डॉक्टरच नव्हता. रात्री एकेक अनोळखी डॉक्टर यायचा, नाडी बघायचा, हळहळायचा आणि सही न करता जायचा. तेव्हापासून आईला डॉक्टर हवा तो बरं करायला नव्हे. बरं करायला ओवा आहे.

म्हणून शेवटी तिनंच मागच्या गल्लीतली एक डॉक्टरीण शोधली आणि मला घेऊन गेली. खुर्चीत बसल्याबसल्या विचारलं, 'वय काय गं तुझं?'

'अडतीस, आजी.'

'मुलं?'

'एक मुलगी, चौथीत आहे.'

'म्हणजे तिला अमेरिकेला जायला वेळ आहे. ही इमारत केव्हाची?'

'२०१२ ची.'

'पाडायला नाही ना निघालेत? मग चालेल. रात्रीबेरात्री घरी येतेस का?'

डॉक्टरीण हसली, 'बोलावलंत तर येईन' म्हणाली आणि कॉम्प्युटर पुढे ओढून तिनं विचारलं, 'बोला आजी, काय होतंय?'

'काही नाही गं. जरा कणकण.'

तिनं 'विशेष तक्रार नाही' असं टाइप करायला घेतलं. मी आईच्या पाठीमागून जिवाच्या आकांतानं मान हलवून 'नाही, नाही' अशा खुणा करत होतो. तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. टाइप करायची थांबली.

'काकांना मानेचा त्रास कधीपासून आहे?' तिनं विचारलं, आणि माझ्या नावाचा केसपेपर काढला.