आधी मांजर, मग महापौर

राजधानीच्या महापौरांचा इतिहास मुलांना सांगायची वेळ आपल्यावर कशाला येईल, अशा भ्रमात राहू नका. आमच्यावर परवाच आली. नातीला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं: कुठलीही एक राजधानी, तिचे महापौर, चित्रांसह, सोमवारपर्यंत.

राजधानी कुठली घ्यायची, यातच पहिला तास गेला. आमच्या रामबागेतल्या घरात 'राजधानी' हा शब्द जरा जपूनच काढावा लागतो. इंदूर होळकरांची राजधानी होतं, हे तर झालंच. पण पुढे मध्य भारत राज्यातही हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी राजधानीची वाटणी होती. १९५६ साली ती भोपाळला गेली आणि आमच्या सौ. ते अजून घरफोडी झाल्यासारखं सांगतात. तेव्हा तुम्ही राजधानी लांबची निवडा. आम्ही लंडन निवडलं. लंडननं इतरांचं काय काय नेलं असेल ते असो, त्यांची राजधानी कुणी नेलेली नाही.

सुरुवात अगदी सोपी. पहिले महापौर हेन्री फिट्झ-एल्विन, साल ११८९. ते १२१२ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, पदावर होते. पोर विचारेल, "पुन्हा निवडणूक नाही झाली?" नाही म्हणून सांगा. ते "बरं" म्हणेल. मुलं अशा गोष्टी किती सहज स्वीकारतात, हे पाहून राजकारणी का व्हावंसं वाटतं ते तुम्हाला कळेल.

मे १२१५ मध्ये जॉन राजानं लंडनकरांना दर वर्षी आपला महापौर निवडण्याची सनद दिली. मुलांना सांगा, राजा दयाळू होता. सरदारांनी बंड केलं होतं आणि राजाला शहराचा पाठिंबा हवा होता, हे सांगायची गरज नाही. सनद हातात पडल्यावर आठवडा-दीड आठवड्यातच लंडनकरांनी बंडखोरांना वेशीतून आत घेतलं, हे तर मुळीच नको. नाहीतर आचारसंहितेच्या आदल्या दिवशी जे जाहीर होतं, त्याकडे पोर जन्मभर त्याच नजरेनं बघेल.

सनदेत एक अट होती. नव्या महापौरानं वेस्टमिन्स्टरला जाऊन राजाशी इमान राखण्याची शपथ घ्यायची. त्या जाण्याचीच पुढे मिरवणूक झाली. अजूनही दर नोव्हेंबरात ती निघते आणि महापौर १७५७ साली बनवलेल्या सोनेरी बग्गीत बसतात. मी म्हटलं, आपल्या रंगपंचमीच्या गेर-मिरवणुकीसारखंच समज. "रंग उडवतात?" नाही. "मग बघायला कोण जातं?" या प्रश्नाला उत्तर शोधू नका, पुढचं पान उलटा.

पुढच्या पानावर साल १३८१ आहे, तेव्हा तेही उलटा. डोईपट्टीविरुद्ध शेतकरी उठले होते. त्यांचा पुढारी वॉट टायलर चौदा वर्षांच्या राजाशी बोलायला आला आणि महापौर विल्यम वॉलवर्थनी बोलणी चालू असतानाच त्याला खंजिरानं भोसकलं. त्याबद्दल त्यांना 'सर' करण्यात आलं. महापौरांनी जागच्या जागी प्रश्न मार्गी लावला, एवढं सांगितलं की भागतं.

आणि मग येतो डिक व्हिटिंग्टन. इथे थांबा, पाणी प्या, पोराला मांडीवर घ्या. गरीब, पोरका मुलगा लंडनला येतो, हाल सोसून परत निघतो, तर चर्चच्या घंटा त्याला माघारी बोलावतात: अरे, तू महापौर होणार आहेस! त्याचं मांजर उंदरांनी गांजलेल्या कुठल्याशा परदेशी राजाला सोन्याच्या भावात विकलं जातं आणि पोरगा धनाढ्य होतो. पोरं गप्प बसून ऐकतात. कृपा करून इथेच थांबा.

मी थांबलो नाही. खरा रिचर्ड व्हिटिंग्टन ग्लॉस्टरशायरच्या जमीनदाराचा मुलगा. रेशीम-मखमलीचा व्यापारी आणि राजांना कर्ज देणारा. १३९७ साली पदावरचा महापौर वारला, तेव्हा राजानं परस्पर यालाच नेमलं. पुढे तो निवडूनही आला, अगदी वारंवार. सेठ राजाला पैसे देतो आणि राजा सेठाला खुर्ची देतो, ही गोष्ट आपल्या सराफ्यातल्या कुठल्याही पेढीवर मांजराशिवाय समजते. मांजर कथेत शिरलं तेच मुळी तो गेल्यावर दोनेकशे वर्षांनी.

१४२३ साली तो वारला, पण पैसा कामाला लावून गेला. गिल्डहॉलचं, म्हणजे नगरभवनाचं, ग्रंथालय, गरिबांसाठी निवारा, न्यूगेटच्या तुरुंगाची दुरुस्ती. आणि टेम्सच्या काठाशी एक सार्वजनिक शौचालय. चौसष्ट जागा पुरुषांच्या, चौसष्ट बायकांच्या. एकूण १२८! भरतीचं पाणी आत येऊन सगळं धुऊन नेई. सहाशे वर्षांपूर्वी, बायकांसाठी बरोबरीच्या जागा.

आता सांगा, २०१७ पासून स्वच्छतेचा पहिला नंबर मिरवणाऱ्या, कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की ओला-सुका डबा घेऊन पोहे-जिलबीवरून उठणाऱ्या इंदूरनं या माणसाचा फोटो चौकाचौकात लावायला हवा की नको? पण नाही. आपण मुलांना मांजर सांगायचं. नात दहा मिनिटं हसत होती आणि सौ. माझ्याकडे बघत होत्या. "आबा, मध्ये भिंत होती?" होती म्हणा. खोलात जाऊ नका.

त्यातून सावरून मी १६६६ काढलं, ही चूक झाली. पुडिंग लेनमधल्या एका बेकरीला आग लागली. सर टॉमस ब्लडवर्थ या महापौरांना अपरात्री झोपेतून उठवून आणलं. त्यांनी आग पाहिली आणि म्हणाले, ही तर एखादी बाई मुतूनसुद्धा विझवेल. पाठ्यपुस्तकी भाषांतर 'किरकोळ आग आहे' असं करावं. नातीनं इंग्रजीतलं मूळ वाक्य स्वतःच शोधून काढलं, आणि १२८ जागांशी त्याचा मेळही तिनंच घातला.

पण ब्लडवर्थसाहेबांवर फार रागावू नका. आग पसरू नये म्हणून पुढची घरं पाडा, असं लोक सांगत होते, तर हे म्हणाले, घरमालकांची संमती आहे का? आणि परत झोपायला गेले. चार दिवसांत तेरा हजारांवर घरं जळाली. मालकाच्या संमतीशिवाय एक भिंतही न पाडणारा महापौर! रस्ता रुंदीकरणात ज्यांचा ओटा गेला, त्या इंदूरकरांना मांजराची गोष्टसुद्धा यापेक्षा खरी वाटेल.

पुढचा भाग भराभर घ्या. लंडनला आज दोन महापौर आहेत, हे समजावताना मात्र हातात काहीतरी खायला द्या. एक लॉर्ड मेयर: तीन चौरस किलोमीटरही न भरणाऱ्या जुन्या शहराचे, एका वर्षापुरते, बग्गीवाले. त्यांचा पदग्रहण समारंभ जवळजवळ मौनातच पार पडतो. (आपल्या पार्षदांना एकदा दाखवायला न्यावं.) दुसरे अख्ख्या लंडनचे, सुमारे नव्वद लाख लोकांचे. हे पद २००० सालचं. थेट मतदानानं महापौर निवडायला आपण इंदूरवालेही त्याच सुमारास लागलो, पण यात आपण लंडनच्या बरोबरीला होतो ही बढाई मारायचं कुणाला सुचलं नाही, नवल आहे.

त्याआधी शहराची एक परिषद होती. तिचे पुढारी केन लिव्हिंगस्टन संसदेसमोर, नदीपलीकडच्या आपल्या इमारतीवर, बेकारांचा आकडा मोठ्या अक्षरांत लावत. थॅचरबाईंच्या सरकारनं १९८६ साली फलकाऐवजी परिषदच उतरवली. चौदा वर्षांनी पक्षानं तिकीट नाकारलं, तेव्हा अपक्ष उभे राहून हेच गृहस्थ पहिले महापौर झाले. मुलांना ही गोष्ट आवडत नाही, मोठ्यांना फार आवडते. मुलांना त्यांच्यानंतरचे महापौर बोरिस जॉन्सन आवडतात, कारण २०१२ च्या ऑलिंपिकच्या वेळी ते तारेवर लटकून अध्येमध्येच अडकले, दोन्ही हातांत छोटे झेंडे. पुढे पंतप्रधान झाले. सादिक खान बसड्रायव्हरचा मुलगा, २०१६ पासून तीनदा निवडून आले. म्हणजे गरीब घरातल्या पोराची खरी गोष्ट ही. पण घंटा नाहीत, मांजर नाही. नातीनं दोन ओळींत उरकली.

रविवारी रात्री चित्र झालं. ड्रॉइंग शीटभर लांबलचक इमारत, दोन रांगा, सगळ्या १२८ जागा पट्टी लावून आखलेल्या, वर सोनसाखळी घातलेले महापौर. सौ. म्हणाल्या, हे शाळेत नेणार? मी तोडगा काढला, मध्ये मांजर काढ, मोठं काढ. तिनं काढलं, शेपटीसकट. मोजून बघितलं, सहा झाकल्या गेल्या.