‘जर्मन डोकं, इटालियन काळीज’ : हा मेसेज मला पटत नाही

गेल्या आठवड्यात चार ग्रुपवर हाच मेसेज आला : ‘स्पोर्ट्स कार बघा, देशाचा स्वभाव कळेल. जर्मन गाडी हिशोबानं बनते, इटालियन काळजानं, जपानी म्हणजे नक्कल आणि अमेरिकन म्हणजे नुसती दांडगाई.’ कोल्हापूरच्या उद्यमनगरात चहाच्या गाड्यावरही तेच कानावर आलं. मी शिरोलीतल्या एका फौंड्रीत पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या साच्यांच्या नमुन्यांचं काम बघतो. एकेक मुद्दा घेतो.

आधी जर्मन हिशोब. १९६३ ची पोर्शे ९११ घ्या. कोऱ्या कागदावर हिशोब मांडणारा माणूस इंजिन मागच्या चाकांच्याही मागं टांगेल का? ते तिथं आलं कारण पोर्शेच्याच आधीच्या ३५६ या गाडीत तिथंच होतं, आणि ३५६ मध्ये आलं फोक्सवॅगनच्या बीटलवरून. मागच्या वजनामुळं गाडी वळणावर शेपूट बाहेर फेकायची, म्हणून सुरुवातीच्या काही गाड्यांच्या पुढच्या बंपरमध्ये चक्क बिडाची वजनं बसवली. पुढं १९६९ च्या मॉडेलला व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ५७ मिलिमीटरनं वाढवला. वारशानं आलेली अडचण इतक्या चिकाटीनं निस्तरणाऱ्यांचा मला आदर वाटतो. पण याला हिशोबी सुरुवात म्हणता येत नाही.

इटालियन काळीज हा तर सगळ्यात लाडका मुद्दा. १९६६ ची लॅम्बोर्गिनी मिऊरा काढणाऱ्या मालकाचा मूळ धंदा ट्रॅक्टरचा. बारा सिलिंडरचं इंजिन आडवं बसवायची कल्पना मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीवरून सुचलेली. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कास्टिंगमध्ये! आमच्याकडं साध्या हाउसिंगमध्ये कोअर (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) दोन मिलिमीटर सरकला तरी भिंत पातळ येते आणि पीस परत भट्टीत जातो. ते कास्टिंग काळजानं होत नाही, मोजमापानंच होतं.

आणि फेरारी २०८ जीटीबी? इटलीत दोन लिटरच्या वरच्या इंजिनाच्या गाडीवर ३८ टक्के कर होता, म्हणून थोरल्या ३०८ चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८१ वरून ६६.८ मिलिमीटरवर आणून १९८० मध्ये ती काढली. आपल्याकडं कर वाचवायला गाडी चार मीटरच्या आत बसवायची म्हणून सेडानची डिकी कापली, तसंच हे. देशादेशांत फरक पडतो तो बहुतेक असा, कराच्या पावतीतून.

जपानी नक्कल : १९८९ च्या माझदा एमएक्स-५ समोर लोटस एलानसारख्या ब्रिटिश गाड्यांचा नमुना होता, हे खरं. पण २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख गाड्या बनल्या, हेही खरं. आणि १९९० च्या होंडा एनएसएक्सचा अख्खा सांगाडा ॲल्युमिनियमचा होता. तो कुणाची नक्कल होता?

राहिली अमेरिकन दांडगाई. १९५३ ची पहिली कॉर्व्हेट सहा सिलिंडरची, १५० हॉर्सपॉवरची, दोन गिअरची ऑटोमॅटिक. तिला खरी स्पोर्ट्स कार बनवली इंजिनिअर झोरा आर्कस-डंटोव्ह यांनी. जन्म ब्रसेल्सचा, आईवडील रशियन. इंजिन गाडीच्या मध्ये हवं, असा त्यांचा साठच्या दशकापासून आग्रह होता. ते १९९६ मध्ये गेले. तशी कॉर्व्हेट बाजारात आली २०२० च्या मॉडेलला.